वैजूताई आणि पुढे ठेवलेलं घड्याळ

वैजूताई कुणाच्याही घरी गेल्या की पाणी प्यायच्या आधी भिंतीकडे बघत आणि विचारत, "हे किती पुढं हाय?" किती वाजले, असं त्यांनी विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. आमच्या खोपोलीत घड्याळ बरोबर असणारं घर विरळाच. कंपनीची बस चुकू नये म्हणून जो तो घड्याळ पुढे ठेवतो, आणि मग "आपलं पुढेच आहे की" म्हणत तेवढाच वेळ अंथरुणात लोळतो. माझ्या सासूबाईंनी तर स्वयंपाकघरातलं घड्याळ इतकं पुढे नेलं होतं की वैजूताई म्हणाल्या, "काकू, हा स्वयंपाक उद्याचा हाय का काय?" सासूबाई आठवडाभर तेच सांगून हसत होत्या.

वैजूताई मूळच्या जवळच्याच चौक गावच्या. पुण्यात शिकल्या, तिथेच मोठ्या कंपनीत नोकरी केली, आणि मग खोपोलीतल्या शिळफाट्याजवळच्या आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभाग सांभाळायला आल्या. मी त्यांच्या हाताखाली होते. आता त्या नाशिकला असतात. पुण्याने त्यांना बरंच काही दिलं असेल, पण बोलीपुढे पुण्याचं काही चाललं नाही. सर्व्हरशीसुद्धा त्या चौकच्याच भाषेत बोलत, "काय रं, आज का रुसलास?" आणि एक वाक्य तर दिवसातून एकदा तरी यायचंच. "घड्याळानं चालावं गं, उडी मारू नये." बाईंना घड्याळाचं खूळ आहे, असं मी घरी खुशाल सांगत असे.

वॉर्डात प्रत्येक खाटेशी एक मॉनिटर होता. सगळ्या मॉनिटरांच्या रेघा सर्व्हरमार्फत बाहेर सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर दिसत. त्या दिवसांत डोंगरातल्या वाडीवरची जनी तिथे होती. बाळंतपणानंतर ताप भरून तिची हालत वाईट झाली होती. तिचा नवरा पांडू टेबलापाशी उभा असे. त्याला अक्षरओळख नव्हती, पण वरून तिसरी हिरवी रेघ जनीची, हे सिस्टरनी त्याला दाखवून ठेवलं होतं. तो त्या रेघेवरून नजर हलवत नसे.

एका सकाळी सगळ्या रेघा एकदम गेल्या. पडदा चालू होता, पण त्यावर नुसती टिंबं. पांडू माझ्याकडे वळला. "बाय, रेघ गेली. माझी जनी गेली का?"

तोवर "नेट गेलं, नेट गेलं" असा ओरडा सुरू झाला, कुणीतरी वायर उपटून परत खोचली. वैजूताई धावत आल्या त्या मशीनकडे नव्हे, वॉर्डाकडे. "आधी दर खाटेपाशी एक माणूस बसवा. मशीनचं मागनं बघू." पांडूला हाताला धरून त्यांनी जनीजवळ बसवलं. "दादा, हिची छाती वरखाली होते नं, ती बघत ऱ्हायचं. जरा येगळं वाटलं तर बोंबलायचं. लाजायचं नाय."

मग त्या सर्व्हरपुढे बसल्या. पडद्यावरच्या ओळी वाचल्या, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "याला पुढं कुणी केला?"

रिसेप्शनचे नाना ठोंबरे दारातच उभे होते. स्टाफ उशिरा येतो म्हणून ते वैतागलेले. रिसेप्शनच्या भिंतीवरचं घड्याळ सर्व्हरकडून वेळ घ्यायचं. म्हणून नानांनी त्या सकाळी सर्व्हरची इंटरनेटवरून खरी वेळ घ्यायची सोय बंद केली आणि त्याला सरळ दहा मिनिटं पुढे ढकललं. "घरी ठेवतो तसंच ठेवलं हो," ते घाम पुसत म्हणाले.

"घरी ठेवा, नाना. घरातलं घड्याळ फक्त आपल्याला फसवतं," वैजूताई शांतपणे म्हणाल्या. "हितं कसं हाय, दर मॉनिटर सारखा याला सांगत असतो, मी हाय, मी हाय. बराच वेळ कुणी बोललं नाय, तर हा समजतो तो गेला, आणि त्याचा हात सोडतो. तुमी याला उडी मारायला लावली. याला वाटलं, धा मिनटं कुणीच बोललं नाय. यानं सगळ्यांचा हात सोडला."

वायर तुटली नव्हती, मॉनिटर गप्प बसले नव्हते. जी दहा मिनिटं कुणाच्याच आयुष्यात आली नाहीत, त्या दहा मिनिटांत सर्व्हरने सगळा वॉर्ड गेला असं धरलं होतं.

"मग मागे घेतो," म्हणत नानांनी कीबोर्डकडे हात नेला. वैजूताईंनी तो वरच्यावर धरला. "आता परत उडी? थोडे मॉनिटर आपसूक जोडलेत, त्यांचा पुन्हा घोळ होईल. याला हळू चालवू. खरी वेळ मागनं येतेय, ती गाठंल याला."

आणि त्यांनी खरंच घड्याळाची चाल मंद केली. मी माझं घड्याळ पडद्याशेजारी धरलं. सर्व्हरचा सेकंद माझ्या सेकंदापेक्षा जरासा लांब होता. वेळ अशी धीमी करता येते, हे मी डोळ्यांनी बघत होते आणि तरी पटत नव्हतं. देवळातसुद्धा मी कधी इतकी गप्प उभी राहिले नव्हते.

तेवढ्यात वॉर्डातून पांडूची आरोळी आली, "सिस्टर! हिला दम घेता येईना!" जनीच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सरकला होता, श्वास अगदी वर वर चालला होता. तिच्याजवळच्या मॉनिटरची पिपाणी वाजत होती, पण त्या गोंगाटात ती टेबलापर्यंत पोचलीच नसती. मोठ्या पडद्यावर तिच्या जागी अजून टिंबंच होती. सिस्टर आणि डॉक्टर धावले, आणि जनी सावरली.

उरलेले मॉनिटर वैजूताईंनी खाटेखाटेपाशी जाऊन पुन्हा जोडले. संध्याकाळ व्हायच्या आत खऱ्या वेळेने सर्व्हरला गाठलं. कुणाला कळलंही नाही.

जनीला घरी सोडलं त्या दिवशी पांडू आमच्या खोलीच्या दारात आला. बाळ त्याने छातीशी धरलं होतं. तो वैजूताईंच्या पाया पडायला वाकला, तशा त्या खुर्ची मागे सारून उभ्याच राहिल्या.

"ताय, तुमी रेघ परत आणली," तो म्हणाला.

वैजूताईंचे डोळे भरून आलेले मी तेव्हाच पाहिले.

"रेघ मी आणली, दादा," त्या म्हणाल्या. "जनी तुमी राखली."