वारा फिरलाय

आमचे हे विमानं भाड्याने लावून देतात. एवढं म्हटलं की समोरचा खुर्ची पुढे ओढून बसतो. मग हे विमानाचं नाव सांगतात आणि समोरचा विचारतो, "हे खोकल्याचं औषध ना?"

चूक त्याची नाही. सगळ्यांना माहीत असलेली चकचकीत जेट विमानं जगात थोडी का आहेत? ती सोडून ह्यांनी नेमकी कुणी नाव न ऐकलेली हेरून ठेवली आहेत. एकाचे पंखे मागच्या बाजूला, जणू उलटंच जोडलंय. एक पाण्यावर उतरतं. आणि तिसरं ह्यांचं लाडकं: नाकावर एकच पंखा आणि शेपटीजवळ टेम्पोला शोभेल असं मोठं दार. धावपट्टी आखूड असो, गवताची असो, ते बिनतक्रार उतरतं. लग्न ह्यांनी माझ्याशी केलं, पण पाकिटात फोटो त्याचा आहे.

फोन येतो, "जेट मिळेल का?" मिळेल म्हणावं, लावून द्यावं, जेवायला घरी यावं. छे! हे विचारणार, "जायचंय कुठे?" मग तिथली धावपट्टी, तिथला चढ, तिथलं गवत. जेट तिथे उतरूच शकत नाही, शंभर मैल अलीकडे उतरून पुढे गाडीने हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतील, हे सगळं सांगणार. पलीकडून फोन कधीच बंद झालेला असतो. मी भाजी परत गरम करते.

शिवाय छोट्या विमानात वजनाला फार महत्त्व. आणि वजन विचारलं की माणूस खोटं बोलतो. बायका बोलतात असं ह्यांचं मत होतं. पुरुष त्याहून जास्त बोलतात, हे मी दाखवून दिलं. म्हणून ह्यांनी विमानतळावरच्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एक सोय केली. चहाच्या टेबलासमोर पायपुसणं, त्याखाली जमिनीत बसवलेला वजनकाटा आणि आकडा उमटतो आतल्या खोलीत, ह्यांच्या टेबलावर. चहा देण्याचं काम माझं. कप काठोकाठ भरायचा, म्हणजे सांडेल या भीतीने माणूस जागचा हलत नाही. कपाचं वजन हे नंतर वजा करतात. इतके काटेकोर!

पण आकडा जास्त भरला तर ते त्या माणसाला सांगायचं नाही, हा ह्यांचा नियम. "लोक विश्वासाने चहा घेतात गं," म्हणतात. मग हे बाहेर येतात, आकाशाकडे बघतात आणि घसा खाकरून म्हणतात, "वारा फिरलाय. एखादी बॅग कमी करावी लागेल." बॅग कमी करून भागलं नाही, तर बायको कमी करतात. रिकाम्या सीटवर मला नेतो म्हणून मला कितीदा तयार व्हायला लावलं आणि कितीदा तो मेला वारा फिरला! ह्यांच्या विमानात मी बसले आहे ती फक्त झाडून काढताना, जमिनीवर.

मावशीकडे जायच्या वेळी मात्र मी आधीच बजावलं होतं, या खेपेला वारा फिरता कामा नये. आईची ही थोरली बहीण डोंगरातल्या गावात राहते. मावसभावाचा फोन आला, "ती आता कुणाला ओळखत नाही. कधीतरी क्षणभर ओळखते. यायचं तर लगेच या." आई दोन दिवस धड जेवली नाही. आपल्याला ती ओळखेल का, एवढंच विचारत राहिली. माझी शाळेची सगळी वर्षं मावशीच्याच घरी गेलेली. त्यामुळे मी जाणार म्हणजे जाणारच होते.

माझा भाऊ, दादा, म्हणाला, "आईला पंख्याच्या विमानात बसवायचं? जेट कर." ह्यांनी धावपट्टी, चढ, गवत सगळं ऐकवलं. आईच्या कमरेला घाटातला दिवसभराचा रस्ता झेपणार नव्हता, तेव्हा दादा तोंड वाकडं करून तयार झाला. वजन विचारल्यावर म्हणाला, "पंच्याहत्तर." आई म्हणाली, "साठ." मी लहान असल्यापासून आई साठच आहे.

सकाळी ऑफिसात दोघांना पाळीपाळीने चहा दिला, काठोकाठ. आई कप सांभाळत म्हणाली, "अगं, केवढा भरलास!" आतून ह्यांच्या खुर्चीचा आवाज आला, मग घसा खाकरल्याचा. मी समजून चुकले.

आधी बॅगा उतरवल्या. तरी भागेना. हे बाहेर आले. त्यांनी खिडकीतून आकाशाकडे बघितलं.

"वारा..." हे म्हणाले.

"एक माणूस कमी करायचाय ना?" दादाने मध्येच विचारलं आणि माझ्याकडे वळला. "तू राहा गं. तुमचं काय, घरचंच विमान. कधीही जाशील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरचं विमान! आईने माझा हात धरला. पण उशीर झाला तर काय, एवढीच भीती तिच्या डोळ्यांत होती. मी पर्स खाली ठेवली. दुसरं काय करणार?

ह्यांनी पर्सकडे पाहिलं आणि पुन्हा घसा खाकरला.

"दादा, वारा फिरलेला नाही," हे म्हणाले. "तुमचं वजन जास्त आहे. तुम्ही पंच्याहत्तर सांगितलंत. आहे सत्त्याण्णव."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. दादाचा चेहरा लालबुंद झाला. "कुणी सांगितलं?" त्याची नजर पायांकडे गेली. त्याने पायपुसणं उचललं. "हे असले धंदे करता तुम्ही? घरच्या माणसांशी?"

"सगळ्यांशीच," हे म्हणाले. "तुम्ही राहिलात तर या दोघी आरामात जातील."

आता आईही चमकली. "जावईबापू, मीही इथेच उभी होते." तिने पदर सारखा केला. "माझं किती भरलं?"

"तुमचं साठच आहे, आई," हे एका दमात म्हणाले.

आई समाधानाने विमानाकडे निघाली. दादा बाकावर पाठ करून बसला. जाताना मी त्याच्यासाठी चहा ठेवला. त्याने कप लांब सरकवला. पण उठून आईला हाताला धरून विमानाच्या पायऱ्या चढवून दिल्या त्यानेच.

प्रवासाबद्दल मी काही सांगणार नाही, कारण मी डोळे गच्च मिटून बसले होते. गवतावर उतरलो तेव्हा कप्तान म्हणाला, "झालं, बाई. हात सोडा आता." मी त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती.

मावशी खिडकीपाशी खुर्चीत होती. मावसभाऊ तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आई, बघ कोण आलंय." तिने माझ्याकडे पाहिलं आणि परक्या बाईला करावा तसा नमस्कार केला. जिने माझ्या वेण्या घातल्या, तिने! मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

आई पुढेच होईना. दारातच उभी, पदराचं टोक मुठीत. मावशी तिच्याकडे बघत राहिली. वरून खाली, पुन्हा खालून वर. आणि एकदम कपाळाला आठ्या घालून म्हणाली,

"किती जाड झालीस गं, ठमे!"

आईला ठमी म्हणणारं माणूस जगात आता एवढं एकच उरलं होतं. आई खुर्चीपाशी खाली बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडायला लागली.

"झाले गं, झाले," ती म्हणत होती. "परत म्हण."