स्टॅनक्रॉफ्टची उत्तर भिंत
अँब्रोज टकवेल हा स्टॅनक्रॉफ्ट हवेलीचा गवंडी. बाप तिथलाच, आजाही तिथलाच. हवेलीचं जुनं दगडी दालन चारशे वर्षांचं. पुढे कुणी त्याला विटांचा देखणा दर्शनी भाग चढवला, आणि आज्याच्या काळात उत्तरेला बावीस खोल्यांची नवी बाजू जोडली गेली. दालनाच्या उत्तर भिंतीला बाहेरून आधाराला दिलेले दगडी धिरे या बांधकामाच्या आड येत होते, ते आज्यानंच तोडले. तेव्हापासून ती भिंत नव्या बाजूला रेलून उभी आहे, असं बाप सांगायचा.

दुसऱ्या महायुद्धात तिथं लष्कर राहिलं. हवेली परत मिळाली तेव्हा उत्तरेची बाजू गळून, बुरशी लागून कामातून गेली होती. एकोणीसशे त्रेपन्न साली हवेलीच्या मालकीण हॅवरेल बाईसाहेबांनी ती पाडायला काढली. लंडनहून क्रॅडक नावाचा तरुण वास्तुविशारद आला. अँब्रोजनं त्याला धिऱ्यांची हकीकत सांगितली.

"नकाशात तर असं काही नाही. कुठं लिहिलंय हे?"

"लिहिलेलं नाही, साहेब. आज्यानं बापाला सांगितलं, बापानं मला."

क्रॅडक हसला आणि नकाशाची गुंडाळी केली.

अँब्रोज बाईसाहेबांकडे गेला. त्यांनी बसवून चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. "टकवेल, तुझं खरंही असेल. पण तो शिकलेला माणूस. मी कुणाचं ऐकू?"

घरी येऊन तो काम सोडतो म्हणाला, तर बायको विनी म्हणाली, "मग हवेलीनं दिलेलं हे घरही सोडावं लागेल. आणि पाडायला दुसरा येईलच की."

म्हणून पहार त्यानंच चालवली. दालनाच्या भिंतीतल्या बारीक भेगेवर त्यानं काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भेग हलली की काच तडकते. तिसऱ्या दिवशी दुपारी एक तडकली, संध्याकाळपर्यंत सगळ्या. क्रॅडकनं घाईघाईनं लाकडी टेकू लावून घेतले. पण भिंत फुगून तिला पोट आलं होतं. सरकारी माणूस आला, बघून गेला, दालनही उतरवा म्हणाला.

दीड महिना अँब्रोज दगड उतरवत होता. खाली तोडलेल्या धिऱ्यांचे खुंट निघाले, छिन्नीचे घाव अजून स्पष्ट. क्रॅडक ते बघायला खाली उतरला. "तू सांगितलं होतंस."

"हो, साहेब," अँब्रोज म्हणाला. त्याला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

उरला फक्त दर्शनी भाग. त्याची उघडी पडलेली पाठ विटांनी बुजवायचं काम त्यालाच मिळालं. बाईसाहेब एकदा येऊन म्हणाल्या, "हे तरी टिकेल ना?"

"ठाऊक नाही, बाईसाहेब," तो म्हणाला, आणि पुढच्या विटेवर चुना थापू लागला.