बडीशेपेची बाटली

सुनेनं आज तान्ह्यासाठी बडीशेप उकळली आणि त्या वासासरशी मी कराडच्या आमच्या पडवीत जाऊन पोचले. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या एका डॉक्टरांनी तिथं दवाखाना थाटला होता. माणूस हुशार, पण रोगी टिकेना. साधं पडसं असलं की ते नाडी बघून हसत म्हणायचे, "दवा नको, आराम कर." माणसं रुसून दुसरीकडं जायची.

"इथं माझं जमत नाही, दुसरा गाव बघतो," एक दिवस ते म्हणाले, तशी आई ताडकन बाहेर आली.

"आवं डाक्टर, बाटली न्हाई दिली तर माणूस बरा कसा हुईल?"

तिनं बडीशेपेचं पाणी उकळून बाटलीत भरलं, वर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. डॉक्टर आधी गोरेमोरे झाले, मग खो खो हसले. पुढं पडवीत बसायला जागा पुरेना.

कैक वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. इलाज उरला नव्हता. डॉक्टर तशीच पट्टी लावलेली बाटली घेऊन आले. पहिल्याच घोटाला आईनं वास ओळखला. त्यांच्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "लय गुण आला बघा."