सायलीचं नाक आणि निळा पडदा

नौपाड्यात आमच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. नाक, कान, हनुवटी, काहीही बदलायचं असलं की ऑपरेशनआधी फोटो काढतात. मागे निळा पडदा धरायचं काम माझं. बारा वर्षं धरतेय. त्यामुळे किस्से शोधायला मला कुठे जावं लागत नाही, ते रिक्षा करून येतात आणि माझ्यापुढे स्टुलावर बसतात. आज सायलीचेच सांगते.

* * *

सायली ठाकुर्लीची, सतरा वर्षांची. पहिल्यांदा आली ती मास्क लावून, आईबरोबर. बोलत होती ती आईच.

"नाक बाबांकडचं आलंय हो. तिकडे सगळ्यांचं असंच जाड."

मी म्हटलं, "मग लग्नात त्यांनी काय तोंडाला रुमाल बांधलेला?"

बाईंनी डोळे वटारले. पोरगी मास्कच्या आत हसली.

बाईंचा नियम एकच. अठरा पूर्ण झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. "तेव्हाही वाटलं तर ये," म्हणाल्या.

* * *

दुसऱ्या खेपेला मोबाइल पुढे केला. "मला असं नाक पाहिजे."

नाक कसलं, दाभण! बाईंनी विचारलं, "ही कोण?"

"मीच. फिल्टर लावलाय."

मी म्हटलं, "हिचं तर झालंय की ऑपरेशन. तू कशाला आलीस?"

* * *

तिसऱ्यांदा रडतच आली. तोच फिल्टरचा फोटो हिने कॉलेजच्या आयकार्डाला दिलेला. परीक्षेच्या दिवशी गेटवर वॉचमनने अडवलं. एकदा कार्ड बघतो, एकदा हिला. शेवटी म्हणाला, "ताई, जिचं कार्ड आहे तिला पाठवा."

कॉलेजच्या मॅडम येऊन ओळख देईपर्यंत पाऊण तास गेला. पेपर अर्धा कोरा.

"म्हणूनच करायचंय," सायली म्हणाली. "मग मी कार्डासारखी दिसेन."

मी चहा दिला. चहासाठी तिने मास्क काढला, तेव्हा नाक पहिल्यांदा धड बघितलं. नाकासारखं नाक.

* * *

अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात आली. एकटी. बाईंनी फॉर्म काढला, वर पेन ठेवलं. आधी फोटो. मी पडदा धरला. डावीकडून झाला, उजवीकडून झाला, समोरून झाला.

"चल, आता सही कर," बाई म्हणाल्या.

ती स्टुलावरून उठेना. मागे वळून मला म्हणाली, "मावशी, पडदा सुरकुतलाय. जरा ताणून धरा ना, परत काढू. हा समोरचा आयकार्डाला द्यायचाय."