सात नंबरची उडी

मिकामीबाईंसारखी हट्टी बाई आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत दुसरी नव्हती. मी रंगविभागातली. त्यांची चित्रं माझ्या हातून पुढे जायची, म्हणून ठामपणे सांगते. शहराच्या सुगिनामी भागातल्या या कळकट इमारतीत त्यांनी अर्धं आयुष्य दुसऱ्यांनी काढलेल्या दोन मुख्य चित्रांमधली, हालचाल जोडणारी चित्रं काढण्यात घालवलं. आता दूर गावी, आकिताला, म्हाताऱ्या आईजवळ कायमचं जायचं ठरलं होतं. जाण्याआधी एक तरी प्रसंग असा काढायचा, की बघणाऱ्याने विचारावं, "हा हात कुणाचा?" एवढीच त्यांची इच्छा.

तो प्रसंग मिळाला. आमच्या व्हॉलीबॉल मालिकेचा शेवटचा भाग. प्रत्येक चेंडू स्वतःच मारू पाहणारा आडमुठा नायक अखेर चेंडू सोबत्याला देतो. बाई एका हातात भाताचा गोळा, दुसऱ्या हातात पेन्सिल घेऊन बसायच्या. नायकाचा केस न् केस, घामाचा थेंब न् थेंब.

"बाई, एवढे केस रंगवणार कोण? माझी आजी?"

"तू रंगव गं. नाव माझं होईल," त्या हसल्या.

कच्चा भाग सगळ्यांनी मिळून पडद्यावर पाहिला. नायक असा उसळला, की माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात दिग्दर्शक हिगाकी म्हणाले, "झकास. पण पास कुणाला देतोय? खांबांना?"

अगं बाई! बाकीचे पाचही खेळाडू गोठलेले. मागची माणसं एकाच चित्रात उभी करून कागद वाचवायचे, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. पण जिथे संघ दिसायचा, तिथेच संघ मेलेला. प्रत्येक प्रसंगाला कागद ठरलेले असतात, आणि बाईंनी ते सगळे नायकावर उधळले होते.

बाईंचा चेहरा उतरला. हिगाकी वरमून म्हणाले, "राहू द्या. लोक नायकालाच बघतात."

"नाही राहू देणार," म्हणत बाईंनी नायकाची चळत ओढली आणि निम्मे कागद काढून टाकले, बाकीच्या खेळाडूंसाठी. मला रडू फुटलं. त्यांनी मात्र खेळाडू भराभर वाटून टाकले, एकेका चित्रकाराला एकेक. नायकही हिगाकींच्या पुढ्यात सरकवला. "याचं तोंड बाकीच्या भागाशी जुळत नाही. तुम्ही नीट करा. मी सात नंबर घेते."

सात नंबर फसवी उडी मारणारा. चेंडू आपल्याकडे येणार नाही हे ठाऊक असूनही जीव खाऊन उडायचं, म्हणजे समोरचे आपल्याला अडवायला धावतात.

"वेड लागलंय का बाई? त्याच्याकडे कुत्रं तरी बघेल का?"

"समोरचे बघतील की. ते फसले म्हणजे झालं."

भाग टीव्हीवर लागला तेव्हा बाई आकिताला पोहोचल्या होत्या. लोकांनी हिगाकींना डोक्यावर घेतलं. नायक बघून "हा हात कुणाचा?" म्हणून विचारलंसुद्धा. माझं डोकंच फिरलं. तडक बाईंना फोन लावला.

"पाहिलंत?"

"पाहिलं. आईनेही पाहिलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तो मागचा पोरगा किती उंच उडाला गं! बिचाऱ्याला चेंडू दिलाच नाही कुणी. त्याच्यासाठी हळहळत बसली."

"मग सांगितलंत ना, तो तुम्ही काढलाय म्हणून?"

"सांगितलं, की त्याच्यामुळे जिंकले."