लाभ ते अठ्ठ्याण्णव

बसवंत मापाडी मुलगी बघायला आला तेव्हा त्यानं मुलीकडं, म्हणजे रेणुकाबाईंकडं, बघितलंच नाही. बशीतल्या सुशील्यातले, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांतले, शेंगदाणे मोजले. रेणुकाबाईंच्या सांगण्याप्रमाणं तो सुशीला परातभर होता. तिसाव्या शेंगदाण्यापाशी त्यांनी धीर करून "पाणी देऊ का?" विचारलं, मोजणी चुकली, आणि या गृहस्थानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर पाहुणे जेवले, झोपले, उठले, नवऱ्याच्या काकाची दाढी वाढली आणि दारातली म्हैस व्याली. एवढ्या सावकाश माणसाला लग्नाला नाही म्हणायलाही उशीर होईल, म्हणून मुलीच्या वडिलांनी होकार दिला.

अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बसवंतनं पस्तीस वर्षं तूर आणि सोयाबीन मोजलं. मापाडी एकाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. आणि मोजणी चुकली तर अंदाजानं पुढं जायचं नाही, पुन्हा लाभापासून. दिवसभर तोंड असं वापरून झालं की घरी बोलायला काही उरत नसे. रेणुकाबाई म्हणत, "काम सुटलं की बोलतील."

काम सुटलं. पाठोपाठ गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बसवंतला तीन महिने कॉटवर पडून राहायची शिक्षा मिळाली. तेव्हा हैदराबादला नोकरी करणाऱ्या अंबिकानं स्वतःचा जुना गेमिंग पीसी वडिलांना आणून दिला. दोन्ही हातांत धरायचा, मध्ये पडदा, कडेला बटणं. त्यात ट्रक चालवायचा एक खेळ होता. माल भरायचा आणि परदेशातल्या गावांना पोचवायचा. बसवंतला तो इतका आवडला की रेणुकाबाईंची बोलण्याची आशा त्या ट्रकमागं लागून कुठल्या कुठं निघून गेली.

पण यंत्राची आतली जागा अंबिकाच्या खेळांनी गच्च भरलेली होती. ट्रकच्या खेळाची नवी, मोठी आवृत्ती आली, ती मावेना.

"माझे काढून टाका अप्पा," अंबिका फोनवर म्हणाली.

"दुसऱ्याच्या मालाला मी हात लावत न्हाई," बसवंत म्हणाला.

मग बाजूच्या खाचेत नखाएवढं मेमरी कार्ड घालून खेळ त्यात ठेवला. जागा झाली, वेग गेला. खेळ उघडायला जो वेळ लागे तो बसवंत सवयीनं मोजू लागला. लाभ, दोन, तीन... अठ्ठ्याण्णवाला ट्रक यायचा.

याच वेळी रेणुकाबाईंना शोध लागला. मोजणी चालू असताना नवऱ्याचे डोळे मोकळे असतात. त्या कॉटपाशी टेकल्या.

"आज शेजारच्या रुद्राणीच्या सुनेनं येळवणीची आमटी पाठवली व्हती."

"चव्वेचाळीस, पंचेचाळीस..."

"मीठच न्हाई घातलं. तुमच्या बहिणीची आठवण आली."

"सत्तेचाळीस... का? तिला काय झालं?"

मोजणी चुकली. मापाड्याचा धर्म! बसवंतनं खेळ बंद केला, पुन्हा उघडला आणि लाभापासून सुरुवात केली. रेणुकाबाईंना आणखी अठ्ठ्याण्णव आकडे मिळाले. त्यात बहिणीचं मीठ निघालं, मग तिचं लग्न, मग वरातीत बिथरलेला घोडा. बसवंत हसला. महिनाभरात त्या रोज दोनदा मोजणी चुकवू लागल्या, सणाला तीनदा.

बसवंतला मात्र ट्रकची घाई होती. चालता येऊ लागल्यावर तो काठी टेकत एसटीनं लातूरला गेला आणि भारीतलं कार्ड घेऊन आला. त्यावर दुप्पट वेग छापलेला. मोजलं. अठ्ठ्याण्णव.

"कार्ड पळतंय अप्पा, पण ती खाचच ठरावीक वेगाच्या वर जात न्हाई," अंबिकानं फोनवर समजावलं.

"मंजी गोदाम मोठं, दार चिंचोळं. हमाल किती का तगडा आना."

"हाव. तसंच."

दिवाळीला अंबिका आली ती अंगठ्याच्या पेराएवढी साठवणीची पट्टी घेऊन. यंत्र उघडलं, आतली जुनी पट्टी काढून ही जास्त जागेची बसवली, सगळा माल तिच्यात हलवला. तिचे खेळ, वडिलांचा ट्रक, वर निम्म्याहून जास्त गोदाम रिकामं.

संध्याकाळी बसवंतनं खेळ उघडला. रेणुकाबाई पदर सावरून टेकल्या.

"अहो, काल ती रुद्राणी..."

"आठ, नऊ," बसवंत म्हणाला, आणि ट्रक आला.

दुसऱ्या दिवशी त्या "अहो, ते पापडाचं..." इथपर्यंत पोचल्या. तिसऱ्या दिवशी "अहो." चौथ्या दिवशी त्या स्वयंपाकघरातच राहिल्या.

बसवंतनं नवाला ट्रक घेतला, माल भरला, घाट उतरला आणि थांबला. त्यानं कॉटच्या मोकळ्या कडेकडं पाहिलं. मग चष्मा लावून, अंबिकानं शिकवलं होतं त्याच्या उलट करत, तासभर बटणं दाबत बसला.

"अगं," त्यानं हाक मारली. "आत जागा भरली. खेळ परत कार्डात टाकावा लागला. आता पयल्यासारखा वेळ लागतो."

रेणुकाबाई हात पुसत आल्या. पडद्यावर आतल्या जागेची रेघ आकड्यांसकट दिसत होती, निम्म्याहून जास्त मोकळी. आकडे त्यांनाही वाचता येत होते.

"भरणारच," त्या म्हणाल्या. "केवढंसं ते यंत्र." आणि टेकल्या.

"लाभ," बसवंत म्हणाला. "दोन. पापडाचं काय व्हतं?"

ते कार्ड मे महिन्याच्या उन्हाळ्यात खराब झालं, आणि दुसरं घालायला बसवंतला निमित्त सापडलं नाही. खेळ पुन्हा आत गेला, नवाला सुरू होतो, आणि संध्याकाळी रेणुकाबाई रुद्राणीकडं मालिका बघायला जातात.