चौकट बसायच्या आधी

काळीपिवळी जीप चिखली सोडून उंद्रीच्या रस्त्याला लागली आणि वडिलांनी मोबाइलवर फोटो पाठवला. सागवानी चौकट, तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं, वर आंब्याची डहाळी, कोपऱ्यात लाल फडक्यात बांधलेलं हळकुंड. खाली लिहिलं होतं, 'लवकर ये, भटजी आले.' मी फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. चौकट जोत्याच्या मधोमध टेकवलेली होती. माझ्या नकाशात दरवाजा उजव्या टोकाला होता. मधोमध होती खिडकी, स्वयंपाकघराची.

घर माझ्या मोठ्या बाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं. नकाशा माझा. आर्किटेक्चरचं माझं शेवटचं वर्ष पुण्यात चाललं होतं, आणि कागदावरून उठून जमिनीवर उभं राहणारं हे माझं पहिलं काम.

आमच्याकडे चौकटीला फार मान. पाया झाला, जोतं भरलं, की भिंती उचलायच्या आधी मुख्य दरवाज्याची चौकट मुहूर्तावर उभी करतात. घरधनी आणि घरधनीण जोडीनं पाटावर बसून तिची पूजा करतात, सगेसोयरे जेवून जातात. आणि एकदा पूजा झालेली चौकट कोणी हलवत नाही. भिंत पाडतील, छत बदलतील, पण चौकटीला हात लावणार नाहीत. म्हणजे ती तिथं मधोमध उभी राहिली की पुढची सगळी जागा बैठकीला जाणार आणि स्वयंपाकघर मागं, शेजाऱ्याच्या भिंतीला नाक लावून. संपला विषय.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, जरा दाबा ना."

तो म्हणाला, "ताई, जीप हाय, इमान नाही."

कॉलेजात मी विमानतळ काढला होता, संग्रहालय काढलं होतं, समुद्राकाठचं हॉटेलसुद्धा काढलं होतं. ज्या बुलढाण्यात साधी रेल्वे येत नाही तिथली मी, आणि समुद्राच्या वाऱ्याचे बाण काढत बसले होते! परीक्षक विचारायचे, यामागचा विचार काय. तिथं स्वयंपाक कोण करणार, असं कोणी कधीच विचारलं नाही. एकदा माझ्या तोंडून निघालं, "इथून उजेड येऊन राह्यला, सर," तर मागच्या रांगेत खसखस पिकली. हसा लेको. उजेड येत होता ना? मग झालं तर.

मला बुलढाण्यात ऑफिस टाकायचं होतं. वडिलांना हे खूळ वाटायचं. "आपल्याकडं आर्किटेक्टले कोन विचारते वं?" ते म्हणायचे. "लोकं मिस्तरीले विचारतेत, नाही तं मंजुरीपुरता एक कागद काढून आनतेत." पुण्यातल्या एका ऑफिसनं मला घ्यायची तयारी दाखवली होती आणि ते माझ्या होकाराची वाट पाहत होते. शेवटी वडिलांनी तोड काढली. मोठ्या बाबांचं घर माझ्या हातून उभं राहू दे. मोठे बाबा म्हणजे शब्दाला वजन असलेला माणूस. सोयरीक जुळवायची असो की बोअर कुठं मारायचा ते ठरवायचं असो, लोक आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात. ते चारचौघांत म्हणाले, 'पोरीनं घर चांगलं काढलं', की कामं चालत येतील आणि मी बुलढाण्यात राहायचं. ते म्हणाले नाहीत, तर गुमान पुणं.

नकाशा काढायच्या आधी मी दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या आईच्या, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोच्या, स्वयंपाकघरात मुक्काम ठोकला होता. भर दुपारी बल्ब लावून भाकरी थापायची ती. बाहेर गाडी थांबली की हात पिठातच ठेवून विचारायची, "कोन आलं वं?" सगळी हयात पाहुण्यांचा चहा करण्यात गेली, आणि पाहुणा कोण होता ते बाईला कपबशा परत आल्यावर कळायचं. मला संताप आला होता तेव्हाच. म्हणून स्वयंपाकघर उचलून पुढं आणलं, रस्त्याला लागून, मोठी खिडकी आणि खिडकीला बसता येईल असा कट्टा. नकाशा दाखवला तेव्हा मोठ्या आईनं खिडकीवर बोट ठेवलं. "हे माहं?" मी म्हटलं, "हाव, तुहंच." कागदावर पिठाचा डाग पडला, तो मी पुसला नाही.

जीपमधून उतरून मी जवळजवळ पळतच गेले. जोत्यासमोर मांडव घातला होता, बायामाणसं जमली होती, पलीकडे चुलवणावर वरणाचं पातेलं चढलं होतं. वडिलांनी माझं तोंड पाहूनच ओळखलं. आडवे आले. "आता काही बोलू नको. पाहुने बसले हायेत."

"बोलू नको? अहो, खिडकीत दरवाजा ठेवलाय!"

मोठे बाबा नवं धोतर नेसून, टोपी घालून उभे होते. मी पाया पडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला. त्यांचा माझ्यावर जीव होता, हेही सांगितलं पाहिजे. म्हणूनच तर जास्त लागलं.

"मोठे बाबा, फोनवर तर तुम्ही म्हणत होते, नकाशापरमानंच चालू हाय."

"नकाशा तोच हाय, माय. चौकट तेवढी सरकवली."

चौकट तेवढी! जशी काही खुर्चीच सरकवली.

"उद्या याही-सोयरे येतीन," ते समजुतीनं म्हणाले, "चार मोठे लोकं येतीन. त्याह्यले पहिले काय दिसन? ताटं-वाट्या? मानसाच्या घरी बैठक समोर पायजे. तुही खिडकी मांगं घेऊ."

"मागं शेजाऱ्याची भिंत आहे."

"मंग उजेड वरून घे. तू शिकेली हायस ना?"

मिस्तरी तिकडं बघत होता, ओळंबा हातात धरून. त्याला दोन्ही चालत होतं, सांगतील तिथं तो चौकट उभी करणार होता. भटजी पोथी चाळत होते आणि मधूनच मुहूर्त टळायला नको म्हणत होते. मोठे बाबा माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "हे पाह्य, आज सारे जमेल हायेत. धाड गावचे मामाही आले, त्याह्यलेही घर बांधायचं हाय. पूजा झाली का मी सगळ्याइले सांगतो, घर आमच्या पोरीनं काढलं मनून. झालं ना तुहं काम? काऊन तोंड पाडतं?"

झालं होतं माझं काम. मला जे हवं होतं ते हा माणूस ताटात वाढून देत होता. मी फक्त गप्प बसायचं होतं, पूजा होईपर्यंत. वडील डोळ्यांनी विनवत होते. बुलढाण्यातलं ऑफिस मला अगदी समोर दिसत होतं, दाराबाहेरच्या पाटीसकट. आणि खरं सांगते, क्षणभर मी हो म्हणणार होते. मग त्या चौकटीकडे पाहिलं आणि माझं डोकं सटकलं.

"मग माझं नाव सांगू नका," मी म्हटलं. हळू म्हणायला गेले होते, पण आवाज चढलाच. "हे घर मी नाही काढलं."

धाडचे मामा, म्हणजे मोठ्या बाबांचे लांबचे मेहुणे, पान लावता लावता थांबले. वडिलांचा चेहरा उतरला. मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते भटजींना म्हणाले, "चला, सुरू करा."

"घरच्या बाईंना बोलवा," भटजी म्हणाले. "जोडीनं बसा."

मोठी आई जुन्या घरातून आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, डोक्यावर पदर. दोन पाट मांडलेले होते. मोठे बाबा एकावर बसले. मोठी आई जोत्याशी आली, पाटाकडे न जाता मिस्तरीजवळ थांबली आणि तिनं विचारलं, "हे इथंच राह्यणार का?"

"हाव, मावशी. मधातच सांगतलं."

"आन् नकाशात कुठी होती?"

मिस्तरीनं मोठ्या बाबांकडे पाहिलं, मग उजव्या टोकाकडे हात केला.

"मंग तिथं ठिवा," मोठी आई म्हणाली. "मी इथं बसत नाही."

आधी कोणाला कळलंच नाही. मोठ्या बाबांना वाटलं, पाटाबद्दल बोलतेय. "काय झालं? बस ना."

"चौकट तिकडं न्या, मंग बसीन."

बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. एक म्हणाली, चांगल्या दिवशी असं करू नये. दुसरी म्हणाली, लोक काय म्हणतील. माझी आईसुद्धा तिचा हात धरून "जाऊ द्या ना बाई" म्हणत होती. मोठी आई कोणाशी भांडली नाही, फक्त जागची हलली नाही. हे मी पेटवून दिलं होतं आणि विझवायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. मोठे बाबा पाटावर एकटेच बसलेले, मानेची शीर ताठ. त्या दोघांमध्ये मोठ्यानं बोलणं झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

भटजी घाईला आले. आता त्यांचाही बिचाऱ्यांचा नाइलाज होता. "बाई बसत नसतील तर सोय आहे," ते म्हणाले. "त्यांच्या जागी सुपारी ठेवू. शास्त्रात चालतं."

कोणीतरी लगबगीनं सुपारी पुढं केलीसुद्धा.

मोठी आई सुपारीकडे पाहून म्हणाली, "ठिवा ना. मंग भाकरीही ते सुपारीच थापीन."

चुलवणाजवळच्या बायकांमधून एक हसू फुटलं आणि पदरात दाबलं गेलं. मग दुसरं. पुरुषांपैकी कोणी हसलं नाही. मोठ्या बाबांनी सुपारी हातात घेतली, तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ती ताटात परत ठेवली आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "मिस्तरी, उचला."

चार जणांनी चौकट उचलली. पाट सरकले, समई सरकली, सगळा मांडव उजवीकडे कलला. मिस्तरीनं ओळंबा लावला. मोठी आई पाटावर बसली आणि तिनं नवऱ्याच्या हाताला हात लावला, पूजेत लावतात तसा. मुहूर्त साधला. माझी चौकट माझ्या जागी उभी राहिली आणि मला रडू येत होतं, पण आनंदाचं म्हणावं तर तसं नव्हतं.

पंगती बसल्या. मोठ्या बाबांनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. घर कोणी काढलं, याबद्दल अवाक्षर नाही. आपल्या घराचं काम मलाच सांगायचं म्हणून आलेले धाडचे मामा माझ्यासमोरून गेले तेव्हा वडिलांनी विषय काढून पाहिला. मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पाहू मंग. आमच्या घरच्या बाया अजून पाटावर बसतेत, तशाच राहू द्या." चारजण हसले. ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार, कारण आमच्याकडे असल्या गोष्टींना पाय नाही, चाकं असतात. त्या पोरीचा नकाशा घ्याल तर घरची बाई फिरते.

वडील माझ्या ताटासमोर उभे राहिले. "झालं समाधान? आता कळव पुन्याले."

मी पुण्याच्या ऑफिसला मेसेज लिहिला. 'मी रुजू व्हायला तयार आहे.' पाठवायचा तेवढा बाकी होता. जिंकल्यावर असं वाटत असेल तर हरल्यावर काय वाटतं, असा विचार करत मी हात धुवायला ड्रमपाशी गेले.

तिथं एक बाई ताटं विसळत होती. माझ्याच वयाची असेल, हातात हिरवा चुडा. मघाशी हसू तिनंच दाबलं होतं. तिनं वर न बघता मला विचारलं, "त्या नकाशात खिडकी कशी वळखायची?"

मला कळेना. "का?"

"धाडचे मामा माहे सासरे हायेत. आमचीही चौकट बसायची हाय पुढं. मंजुरीपुरता कागद काढून आनला हाय कुठून तरी, कपाटावर ठिवेल हाय. मी रोज उघडून पाह्यतो, मले काही समजत नाही." ती ताट घासतच होती. "समजलं तं बोलता येईन ना. आज त्या बाईले समजलं मनून तं बोलल्या."

मी ड्रमच्या नळाखाली हात तसेच धरून उभी राहिले. मांडवात तिचे सासरे कोणालातरी मोठ्यानं काहीतरी सांगत होते. तिनं एकदा तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"शिकोशीन का मले? बाजाराच्या दिवशी ये. मानसं घरी नसतेत."

"येते," मी म्हटलं. "कागद हातात ठेव."

बुलढाण्याच्या एसटीत मी मेसेज पुसला आणि पुण्याला नाही म्हणून कळवून टाकलं. वडील शेजारीच बसले होते. त्यांना ते अजून सांगायचं होतं.